मामांचा कल्प्रिट

इंझोरीच्या आमच्या मामांनी एका इंग्रजी शब्दावर जेवढं प्रेम केलं, तेवढं खुद्द इंग्रजानंही केलं नसेल. राज्य गोऱ्यांचं होतं. मामा एकदा वाशीमच्या कोर्टात साक्षीला गेले आणि तिथून 'कल्प्रिट' हा शब्द उचलून घरी घेऊन आले. कल्प्रिट म्हणजे गुन्हेगार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण वापर पाहा! दुधाला तोंड लावणारी मांजर कल्प्रिट, न उगवलेली तूर कल्प्रिट, भाकर करपली की मामीसुद्धा कल्प्रिट! मामी करवादायची, "जळो तुमचं विंग्रजी!" मीही एकदा चिडून म्हटलं, "मामा, माणसाला असं म्हणू नये." तर म्हणतात कसे, "गुन्हेगार म्हनलं का मानूस भेते, बावा. कल्प्रिट म्हनलं का हासते!"

आणि खरंच हसायचा तो त्यांचा सालदार, सखाराम. वर्षाच्या बोलीनं शेतात राबायचा, पण राखणीला बसवला की पहिली झोप त्याची आणि ज्वारी पाखरांची. मामा शेताच्या धुऱ्यावरून, बांधावरूनच, ओरडायचे, "ए कल्प्रिट!" आणि तिकडून डोळे चोळत "जी मालक!" यायचं. हळूहळू साऱ्या गावानं तेच नाव धरलं.

मग मानोऱ्याच्या बाजारातून कुणाचीशी बैलजोडी चोरीला गेली. नवा फौजदार तपासाला आमच्या चावडीवर येऊन बसला. सखाराम समोरून चालला होता. कोतवालानं सवयीनं हाक दिली, "ओ कल्प्रिट, सायबाले पानी आन!" फौजदाराला इंग्रजी येत होतं ना! त्यानं पाण्याआधी बेड्या मागवल्या.

मामा उघड्या डोक्यानं ठाण्यावर धावले. "सायेब, थे लाडाचं नाव होय!"

"लाडानं कुणी गुन्हेगार म्हणतं का हो?" फौजदारानं विचारलं.

पुढे बैल दुसरीकडेच सापडले. सखाराम सुटला, पण पाठ सोलवटून आला. मामांनी तो शब्द टाकला. दुसऱ्या दिवशी शेतात गेले आणि मायेनं हाक मारली, "सखाराम!"

तो गडी दोन पावलं मागे सरला. हात जोडून म्हणाला, "मालक, त्या नावानं नोका बलावू. ठान्यात सखाराम म्हनत, आन् मारत. तुमी आपलं कल्प्रिटच म्हना."

मामांच्यानं ते काही म्हणवलं नाही. मला फार वाईट वाटतं त्यांचं. पुढे काही काम निघालं की ते म्हातारे पाय ओढत, भर उन्हात अख्खं शेत तुडवत जायचे आणि सखारामची मान वर होईपर्यंत त्याच्यापुढे नुसते उभे राहायचे.