वाकडे तास

शेखर गावंडे यांना युद्धावर पाठवायचं ठरलं, त्याला कारण एकच होतं. अमरावतीच्या त्या दैनिकात सोळा माणसं कामाला होती आणि पासपोर्ट एकट्या शेखरभाऊंकडे होता. तोही खतविक्रेत्यांनी आखलेल्या बँकॉकच्या सहलीसाठी काढलेला. सहल रद्द झाली, पासपोर्ट तेवढा राहिला. बावीस वर्षं ते शेतीचं पान सांभाळत होते. संत्र्यावर डिंक्या पडो की कपाशीवर बोंडअळी, जिल्ह्यात आधी खबर शेखरभाऊंना लागायची.

२०२२च्या फेब्रुवारीत युक्रेनमध्ये युद्ध पेटलं तेव्हा तिथं मेडिकलला गेलेली जिल्ह्यातली बरीच पोरं अडकली. मालक-संपादक महादेवरावांनी शेखरभाऊंना केबिनमध्ये बोलावलं.

"आपल्या पोरायची बातमी आपल्याच माणसानं देल्ली पाहिजे. तुमी निघा."

"मले इंग्रजी येत नाही साहेब."

"फवारणीच्या डब्यावरचं वाचता ना? तेवढं पुरे."

व्हिसा यायला सात आठवडे लागले. तोवर सगळी पोरं घरी पोचली होती. अंजनगाव सुर्जीच्या प्राजक्ताचा तर दोन ठिकाणी सत्कारही झाला होता. शेखरभाऊंनी ही गोष्ट महादेवरावांच्या कानावर घातली.

"तिकीट काढून झालं हाये," महादेवराव म्हणाले.

आशाबाईंनी नवऱ्याच्या बॅगेत दोन स्वेटर आणि तिळाची चटणी भरली. "गोळ्या चालू असल्या त मधात नका जाऊ," एवढंच त्यांनी सांगितलं.

पोलंडपर्यंत विमान, तिथून बस, मग रेल्वे. दक्षिणेकडच्या एका शहरात ओक्साना नावाची दुभाषी भेटली. ती शाळेत इंग्रजी शिकवायची, शाळा बंद पडली होती. शेखरभाऊंचं इंग्रजी ऐकून तिनं आपलं इंग्रजी सोपं करून घेतलं आणि दोघांचं जमलं. हॉटेलात देशोदेशीचे वार्ताहर होते. जेवताना ते कुठलं क्षेपणास्त्र किती लांब जातं यावर बोलायचे. शेखरभाऊंनी तोपर्यंत वहीत एकच ओळ लिहिली होती, तीही रेल्वेच्या खिडकीतून बाहेर बघून: 'जमीन काळी, भारी. ओल चांगली.'

चौथ्या दिवशी ओक्साना त्यांना एका खेड्यात घेऊन गेली. लढाई तिथून पंधरा किलोमीटरवर होती. मिकोला नावाच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या वावरात न फुटलेलं रॉकेट घुसलं होतं, शेपूट तेवढं वर. त्याला लाल फडकं बांधून मिकोलानं आजूबाजूनं सूर्यफूल पेरायला घेतलं होतं. येणारा प्रत्येक वार्ताहर त्या शेपटाचा फोटो काढायचा. शेखरभाऊंनीही काढला. मग ते वावराकडे वळले आणि ट्रॅक्टरनं पाडलेल्या पेरणीच्या ओळी बराच वेळ बघत राहिले.

"विचार त्यांना," ते ओक्सानाला म्हणाले, "तास वाकडे का आलेत?"

ओक्साना घुटमळली, पण तिनं विचारलं. मिकोलानं टोपी काढली, परत घातली.

"ट्रॅक्टर माझा मुलगा चालवायचा, आंद्री," तो म्हणाला. "मार्चमध्ये रस्त्यावर तोफगोळा पडला, त्यात गेला. मी वीस वर्षांनी ट्रॅक्टरवर बसलोय. जमत नाही."

 उभ्या जन्मात इतका चुकीचा प्रश्न आपण विचारला नसेल, असं शेखरभाऊंना वाटलं.  आपल्याकडे मयताच्या घरी माणूस बोलत नाही, नुसता बसतो. म्हणून ते धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, बसले. मिकोलाही शेजारी बसला. ओक्साना उभीच होती, मग तीही बसली.

काही वेळानं शेखरभाऊ उठले. त्यांचे वडील अंजनगावच्या वावरात पेरणीचा पहिला तास धरायचे, तेव्हा समोरच्या धुऱ्यावर कोणीतरी काठी धरून उभं राहायचं. तिच्यावर नजर ठेवून पेरायची तिफण नेली की तास सरळ. शेखरभाऊंनी हे हातवाऱ्यांनी सांगितलं. मिकोलाला ते ओक्सानाच्या आधी समजलं. त्यानं गोठ्यातून एक लांब दांडा आणून दिला. सैन्यातल्या माणसांनी त्या टोकापर्यंत सुरुंग तपासले आहेत, असंही त्यानं सांगितलं. बहुतेक तपासले आहेत.

शेखरभाऊ घड्याळाचे तीन तास दांडा धरून उभे राहिले. एक फेरी झाली की काही पावलं बाजूला सरकायचं आणि पुन्हा उभं राहायचं. नदीच्या बाजूनं तोफा वाजत होत्या. एक आवाज इतका जवळ आला की खाली बसावं असं त्यांना फार वाटलं. पण ट्रॅक्टर अर्ध्यावर होता. बसलो तर तास बिघडेल, म्हणून ते बसले नाहीत.

दुपारी मिकोला खाली उतरला आणि मागं वळून बघून एक शब्द बोलला.

"बरं आलंय म्हणतात," ओक्सानानं सांगितलं.

शेखरभाऊंच्या फोनवर महादेवरावांचे अकरा कॉल येऊन पडले होते.

"काय बातमी?"

"पेरणी झाली साहेब. सूर्यफूल."

"आन युद्ध?"

"तेही चालू हाये."

बातमी शेतीच्या पानावर लागली. रॉकेटचं शेपूट तेवढं पहिल्या पानावर गेलं.

परत आल्यावर शेखरभाऊंची चार-पाच भाषणं झाली. अकोल्याच्या एका कॉलेजात एका मुलीनं विचारलं, "सर, भीती वाटली का?" ते म्हणाले, "वाटली." सूत्रसंचालकानं वेळ संपल्याचं जाहीर केलं. शेंदूरजनाघाटच्या संत्रा परिषदेत त्यांची ओळख 'युद्ध वार्ताहर' अशी करून दिली गेली, आणि त्यानंतर ते चाळीस मिनिटं फळगळीवर बोलले.

ऑक्टोबरात ओक्सानाचा निरोप आला. अर्धं सूर्यफूल जळालं, अर्धं निघालं. मिकोला बरे आहेत, शेखर कसे आहेत म्हणून विचारतात. शेखरभाऊंनी तो आशाबाईंना वाचून दाखवला. त्या मेथी निवडत होत्या.

"त्यायच्या घरी सैपाक कोन करते आता?" त्यांनी विचारलं.

 बावीस वर्षं पत्रकारिता करून हे शेखरभाऊंनी विचारलंच नव्हतं. त्यांनी तोच प्रश्न ओक्सानाला पाठवला. दोन दिवसांनी उत्तर आलं: "स्वतःच करतात. फार वाईट करतात."

"मंग एक करा," आशाबाई म्हणाल्या, "त्या पोरीले सांगा, आठवड्यातून एक दिवस तरी त्यायले जेवाले बोलाव म्हना."

शेखरभाऊंनी फोन घेतला आणि 'जेवायला बोलाव' याचं इंग्रजी जुळवत बसले.