कपाटातली गुडघाभर झाडं

त्या दुपारचा विषय निघाला की अजूनही मला ते कपाट आठवतं.

मी तेव्हा पश्चिम बेंगळुरूतल्या एका ठाण्यात निरीक्षक होतो. डबा उघडतोय तोच खबऱ्याचा फोन आला. राजाजीनगरातल्या एका भाड्याच्या घरात गांजा लावलाय, दोन तरुण राहतात. खबर ठाणे दैनंदिनीत नोंदवली, वरिष्ठांना लेखी कळवलं, दोन पंच सोबत घेतले आणि डबा तसाच ठेवून निघालो.

आम्ही आजवर गांजा पाहिला होता तो शेतात, तुरीच्या आडोशाला, पुरुषभर उंचीचा. त्यामुळे नजर उंच झाडं शोधत होती. हॉल, स्वयंपाकघर, गच्ची, कुठेच काही नाही. मागच्या खोलीत नुसतं एक मोठं लाकडी कपाट.

"सार, खबर खोटी," हेड कॉन्स्टेबल म्हणाला. तेवढ्यात मला कपाटातून पंख्याची घरघर ऐकू आली.

दार उघडलं आणि पांढऱ्या उजेडाने डोळे दिपले. आत कुंड्या, आणि कुंड्यांत गुडघाभर झाडं! पण काय घडवली होती! शेंडे खुडलेले, फांद्या अलगद वाकवून मऊ तारेने कुंडीच्या काठाला बांधलेल्या. वर जाळी ताणलेली. डोकं वर काढणारी प्रत्येक फांदी जाळीखाली आडवी वळवलेली. वर जायचं सोडून झाड ताटासारखं सपाट पसरलं होतं. हे रोज हात लावल्याशिवाय होणारं काम नव्हतं.

पण हात कोणाचा?

दोघेही तरुण घरातच होते, दोघेही आयटीतले. भाडेकरार त्यातल्या चष्मेवाल्याच्या नावावर. तो थरथरत इंग्रजीत सांगत होता, "ती खोली मित्राची आहे. मी कपाट कधी उघडलंच नाही." मित्र मात्र शांत होता. "घर त्याचं, कपाट त्याचं. मला तुळस आणि कोथिंबीर यातला फरकही कळत नाही."

कागद चष्मेवाल्याच्या विरोधात होता. लागवडीचा गुन्हा म्हणजे ऐन उमेदीची वर्षं तुरुंगात जाणार. माझ्या माणसांनी मनाशी आरोपी ठरवून टाकला होता. मला मात्र त्याची भीती खरी वाटत होती, आणि मित्राची शांतता जरा जास्तच.

पंचनामा सुरू झाला. झाडं मोजून झाली. जप्तीसाठी पहिली कुंडी बाहेर काढायची म्हणून हेड कॉन्स्टेबलने तार न सोडता एक फांदी धरून हिसका दिला.

"अरे, हळू! खोडापासून फाटेल ना ती!"

मित्र मराठीत ओरडला होता. हेड कॉन्स्टेबलला काही कळलं नाही. पंचांनाही नाही. पण माझं घर बेंगळुरूतल्याच चामराजपेटातलं, आणि आमच्या घरात तीन पिढ्या मराठीच बोलतात.

मी मराठीत विचारलं, "मग कशी काढायची?"

कपाळावरचा घाम पुसत तो हळूच म्हणाला, "आधी तार सोडा. मग जाळी."

"कोथिंबिरीलाही जाळी लावतात का रे?"

"माझीच आहेत झाडं," तो म्हणाला. पोलिसांसमोरचा कबुलीजबाब कोर्टात पुरावा म्हणून टिकत नाही, हे मला ठाऊक होतं. पण आता शोधायचं कुठे ते कळलं होतं. त्याच्या मोबाइलमध्ये रोप वाकवल्यापासूनचे फोटो निघाले, दिवे मागवल्याच्या पावत्या निघाल्या. पुढे तपासात दिव्यांवर बोटांचे ठसेही त्याचेच निघाले. चष्मेवाल्याचा एकही नाही.

माणूस गुन्हा नाकारतो, शपथा घेतो, मित्राला पुढे करतो. पण ज्या कामात त्याने जीव ओतलाय ते डोळ्यांदेखत कोणी बिघडवू लागलं, तर त्याला गप्प राहवत नाही. या प्रकरणानंतर मी चौकशीत दरडावणं कमी केलं. समोरच्याला काय चांगलं जमतं, त्यावरच आधी बोलू लागलो.

संध्याकाळी ठाण्यात चष्मेवाल्याचा जबाब घेतला आणि त्याच्यासाठी दहीभात मागवला. घास हातात असतानाच पुण्याहून त्याच्या आईचा फोन आला. त्याला हुंदका आवरेना, म्हणून फोन मी घेतला.

"ताई, मी पोलीस ठाण्यातून बोलतोय. घाबरू नका. तुमचा मुलगा आमचा साक्षीदार आहे. जेवतोय आत्ता."

त्या म्हणाल्या, "त्याला सावकाश जेवू द्या."

मी पंखा वाढवला आणि दार ओढून घेऊन बाहेर आलो.