एकशेचाळिसावा पेला

६ ऑगस्ट, बुधवार. सकाळचे सात वाजून दहा मिनिटं. ठिकाण, माझा गोठा. हजर चौघं: मी, माझी बायको, जनावरांच्या दवाखान्यातला ड्रेसर, आणि पशुवैद्यकीय महाविद्यालयातून आलेली एक डॉक्टर मुलगी. जनावरं गाभडतात, म्हणजे दिवस भरायच्या आत वासरू टाकतात, त्यामागं कोणता जिवाणू आहे यावर तिचं संशोधन चालू होतं. म्हैस एक, गाय एक. रक्कम शून्य.

रक्कम मुद्दाम लिहिली, कारण मी पहिला प्रश्न तोच विचारला होता. "मॅडम, रक्त घेणार म्हणता. त्याचे किती?"

"काही नाही काका, तपासणी मोफत आहे."

"तसं न्हाय. तुम्ही आम्हाला किती देणार, ते विचारतोय."

ड्रेसर म्हशीचं दावं धरून खो खो हसायला लागला. "मामा, लई तर धा मिली रक्त जाईल. त्याचं काय फॅट लावताव का?"

त्याचं हसणं बरोबर होतं. माकणीच्या धरणाच्या अलीकडं आमचं गाव आहे. तिथल्या दूध संकलन केंद्रावर मी एकोणीस वर्षं फॅट लावतो. आलेल्या दुधाचं माप घ्यायचं, फॅट आणि डिग्री, म्हणजे दाटपणा, बघायची, पावती फाडायची. मोजल्याशिवाय मला काही खरं वाटत नाही. घरीही एक लांब वही आहे. डाव्या पानावर गोठा: कोण कधी व्यालं, किती दूध, कधी लस. उजवं पान बरीच वर्षं कोरं असायचं. या वर्षी मार्चपासून ते भरायला लागलं होतं.

त्याचं असं झालं. ३ फेब्रुवारीला म्हैस आठव्या महिन्यात गाभडली. वार, म्हणजे वासरामागून पडणारी झिल्ली, पडली नाही. डॉक्टर दुसऱ्या गावाला गेलेले. आमच्याकडं अशा वेळी घरची बाई हाताला गोडंतेल लावते आणि वार काढते. माझ्या बायकोच्या हाताला गुण आहे असं सगळी गल्ली मानते, शेजारच्या गोठ्यातूनही तिलाच बोलावणं येतं. तेव्हा ज्वारीची काढणी नुकतीच उरकली होती आणि तिच्या दोन्ही तळव्यांना चिरा पडलेल्या होत्या. त्याच हातांनी तिनं अर्धा तास खपून वार काढली. मी शेपटी धरून उभा होतो. वहीत लिहिलं: "वार अडकली. हिने काढली. पूर्ण निघाली." निघाली याचा आनंदच झाला होता.

२ मार्चला तिला ताप आला. संध्याकाळी चढायचा, पहाटे घाम फुटून उतरायचा. कंबर आणि गुडघे धरायचे. तालुक्याला दाखवलं. गोळ्यांनी पाच-सहा दिवस बरं वाटायचं, मग पुन्हा तेच. टायफॉइडचं औषध झालं, मलेरियाचं झालं. एका डॉक्टरांनी सांगितलं, तापाची नोंद ठेवा. हे काम माझ्या आवडीचं होतं. थर्मामीटर आणला आणि उजव्या पानावर सकाळ-संध्याकाळचा आकडा लिहायला सुरुवात केली. केंद्रावर पेंडीची पोती मोजायचा काटा आहे, त्यावर दर पंधरवड्याला तिला उभं करायचो. मार्चात अठ्ठावन्न किलो. जुलैअखेर एकोणपन्नास. चुलीपुढं बसली तर दोन भाकरी थापून झाल्या की भिंतीला टेकायची.

माझ्या मनात तेव्हा काय होतं ते लिहायला हवं. मला वाटत होतं, ही आता राहत नाही. हे कुणाला बोललो नाही. आकडे तेवढे लिहीत होतो.

आणि मी एक उपाय चालू केला होता. २० मार्चपासून रोज सकाळी तिला धारोष्ण दूध द्यायचो. धार काढली की तसंच कोमट, न तापवता. अंगात ताकद येते म्हणून माझ्या आईनं आम्हा भावंडांना तसंच पाजलं होतं. गाय आटली होती. म्हैस गाभडल्यावरही वेळेला तीन लिटर देत होती, म्हणून दूध तिचंच. केंद्रावरचं स्टीलचं माप घरी आणलं होतं. बरोबर दोनशे मिली. बायकोला ते नको असायचं.

"अवो, वास येतोय. चहात घालू द्या की, न्हायतर तापवून तरी द्या."

"तापवलं की जोर जातो."

"जोर आला असता तर आतापोतर आला नसता व्हय?"

"नेमानं घे, येईल."

ती घ्यायची. माझ्यासमोर घ्यायची, कारण मी समोर उभा राहायचो.

त्या बुधवारी डॉक्टर मुलीनं म्हशीच्या मानेतून रक्त काढलं, नळीवर चिठ्ठी लावली आणि विचारलं, "कधी गाभडली, काही आठवतं?" मी म्हणालो, आठवायचं कशाला, लिहिलेलं आहे. वही आणायला आत गेलो. बाहेर आलो तेव्हा बायको दारात पेला घेऊन उभी होती. माझी वाट बघत होती. मी असल्याशिवाय ती पीत नसे.

मुलीची नजर पेल्यावर गेली. "काकू, हे उकळलेलं आहे?"

"न्हाय वो बाई. कच्चंच पाजत्यात मला. वैद्य हायेत ना आमच्यात."

"कुणाचं? हिचंच?"

"हिचंच."

"काकू, एक मिनिट. पिऊ नका."

इतकं साधं म्हणाली ती. आवाज चढवला नाही. मग तिनं माझ्या हातातली वही घेतली. डावं पान वाचलं, ३ फेब्रुवारीवर बोट ठेवलं. मग तिची नजर उजव्या पानावर गेली. ती पानं उलटत राहिली. मार्च, एप्रिल, मे. ड्रेसर काहीतरी चेष्टा करणार होता, पण तिचं तोंड बघून म्हशीकडं वळला.

"काका, हा ताप कुणाचा?"

"हिचा."

"घाम पहाटे येतो? कंबर, सांधे दुखतात?"

बायकोच बोलली, "तुमाला कसं कळलं बाई?"

तिनं गोठ्यातल्या दगडावर बसून सांगितलं. जनावरं गाभडवणारा एक जिवाणू आहे. तो वारेत असतो, गाभडलेल्या वासरात असतो, दुधात उतरतो. चिरलेल्या हातातून माणसात शिरतो, कच्च्या दुधातून शिरतो, आणि माणसाला असाच चढता-उतरता ताप आणतो. उकळलं की मरतो. नाव ब्रुसेला. "नक्की काही नाही," ती दोनदा म्हणाली. "म्हशीचा रिपोर्ट येऊ द्या. आणि मी जनावरांची डॉक्टर आहे, माणसांची नाही. पण काकूंचं रक्त या एका तपासणीसाठी पाठवाच." तिनं कागदावर दोन ओळी लिहून दिल्या, मोठ्या डॉक्टरांना दाखवायला.

मी विचारलं, "हातातून गेला का पेल्यातून?"

"ते मला सांगता येणार नाही, काका."

"अंदाजानं?"

"अंदाजानंही नाही."

ती गेल्यावर मी वही घेऊन बसलो. २० मार्च ते ५ ऑगस्ट, एकशे एकोणचाळीस पेले. सत्तावीस लिटर आठशे मिली. एकशेचाळिसावा ओट्यावर तसाच होता. माझ्या मशिनीत फॅट दिसतं, डिग्री दिसते, पाण्याचा थेंबही लपत नाही. हे दिसलं नाही. पण मशीनचं काय घेऊन बसायचं? डावं पान माझंच, उजवं पान माझंच. पाच महिने मी ही दोन पानं रोज वरून खाली वाचत होतो. आडवी एकदाही वाचली नाहीत.

बायको शेजारी येऊन बसली. मी तिला आकडा सांगितला. तिनं वही माझ्या हातातून घेऊन मिटली. मग म्हणाली, "तुमी जीव लावून दिलं. विख म्हणून दिलं का?" आणि उठून तो पेला चुलीवर पातेल्यात ओतला. उकळी आल्यावर मोरीत ओतून दिला.

शुक्रवारी म्हशीचा रिपोर्ट आला. ब्रुसेला होता. गाय निर्दोष निघाली. १३ तारखेला बायकोचा आला. तिच्यातही होता. डॉक्टर म्हणाले, नाव कळलं आता, औषध आहे. दोन प्रकारच्या गोळ्या, बेचाळीस दिवस, एकही चुकवायची नाही. औषधानं लघवी लाल होईल, घाबरू नका, असंही त्यांनी मला सांगितलं. ते मी वहीत लिहिलं आणि बायकोला सांगायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी ती अंगणातून ओरडत आली, "अवो, माझं सगळं रगत चाललं!" मी वही उघडून तिला दाखवली. तेव्हा तिनं जे मला सुनावलं ते इथं लिहीत नाही. पण पाच महिन्यांत एवढ्या मोठ्या आवाजात ती पहिल्यांदाच बोलली होती, आणि मला ते ऐकायला बरं वाटत होतं.

म्हशीचं काय करायचं, हा प्रश्न होताच. तिचं दूध केंद्रावर घालणं मी पहिल्याच दिवशी बंद केलं होतं. ड्रेसर एकदा दबक्या आवाजात म्हणाला, "मामा, बाजारात कोण रक्त इचारतंय? दावं बदला, इकून टाका."

मी तोंड उघडायच्या आधीच आतून बायको म्हणाली, "आन् जिच्या दारात बांधतील ती बाई बी माझ्यावाणी निजंल, ते? तुमच्या बायकोला नेऊन द्या की फुकट."

ड्रेसर त्यानंतर तो विषय बोलला नाही. म्हैस मळ्यातल्या वेगळ्या खुंट्यावर आहे, तिला पुन्हा गाभण राहू देणार नाही. केंद्रावर आता रबरी हातमोज्यांचा खोका असतो. गल्लीत वार काढायला अजून हिलाच बोलावतात. ती जाते, पण मोजे दाखवून सांगते, आता डॉक्टरला बोलवा, मी नुसती बसते.

शेवटचा ताप २५ ऑगस्टला, नव्व्याण्णव पॉइंट दोन. त्यानंतर उजव्या पानावर मी "नाही, नाही" असं लिहीत गेलो. २४ सप्टेंबरला बेचाळिसावा दिवस झाला. काट्यावर बावन्न किलो भरली. ती म्हणाली, "माझं पान आता बंद करा." मी केलं. आवडतं काम सोडताना एवढं बरं मला कधी वाटलं नव्हतं.

ऑक्टोबरात ती डॉक्टर मुलगी पुन्हा आली. तिला तिच्या अभ्यासासाठी वहीची नक्कल हवी होती. "काका, जनावराच्या आणि माणसाच्या तारखा अशा समोरासमोर लिहिलेल्या मला दुसऱ्या घरात मिळाल्या नाहीत. नाव कुठंही येणार नाही. तुमची आणि काकूंची परवानगी लागेल." फॉर्म होता. मी पूर्ण वाचून सही केली. बायकोनं न वाचता केली आणि म्हणाली, "माझं रगत बी घेऊन जा म्हणलं तर देते मी हिला."

मग तिनं पेढ्यांचा डबा पुढं केला. गाय नुकतीच व्याली होती. "तासभर आटवलंय बाई, भिऊ नगा. जंतूचा बाप बी उरला नसंल." मुलीनं दोन खाल्ले आणि डबा बरोबर नेला. तिला पैसे देऊ केले असते तर तिनं घेतले नसते, हे मला माहीत होतं. दिलेही नाहीत. तिच्यामुळं जे वाचलं त्याचा आकडा माझ्या वहीत बसणारा नव्हता.

वहीची झेरॉक्स काढायला मी आणि ती मुलगी लोहाऱ्याला गेलो. शेहेचाळीस पानं, पानाला दोन रुपये. तिनं पर्स उघडली. "काका, याचे पैसे मला कॉलेजकडून परत मिळतात, मला देऊ द्या."

मी म्हणालो, "रक्ताचं तुम्ही शून्य घेतलं. वहीचं बी शून्यच लिहा."

ती हसली आणि पर्स मिटली. झेरॉक्सवाल्याला मी रोख ब्याण्णव रुपये दिले.