पुढे सरकवलेला पाट

कोलकात्याहून विष्णुपूरला जाताना वाटेत तीन गावांत थांबायचं, हे माझंच ठरलेलं. प्रत्येक गावात वीस मिनिटं. सुट्टी चारच दिवसांची, वाया कशाला घालवायची?

तिसऱ्या गावात एक म्हातारी अंगणात डाळीच्या बोऱ्या घालत होती. आपले सांडगेच म्हणा ना. धुतलेल्या कापडावर तिची बोटं भराभर चालत होती आणि प्रत्येक बोरीला नाकासारखं टोक येत होतं. मी दोन फोटो काढले, घड्याळ पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं, पुन्हा घड्याळ.

माझ्या चुळबुळणाऱ्या पायांकडे बघत तिने बंगालीत विचारलं, "घरी कोणी आजारी आहे का गं?"

"नाही हो, सुट्टी आहे. फिरायला निघालोय."

तेव्हा कुठे तिचा हात थांबला. आजाऱ्याकडे बघावं तसं तिने माझ्याकडे बघितलं आणि बसल्या जागचा पाट काढून माझ्यापुढे सरकवला.

"नको, गाडीत वाट बघताहेत," म्हणत मी निघाले. तिचं नावही विचारलं नाही.

गाडीत नवरा आणि मुलगी काचा खाली करून गाढ झोपले होते. तरी मी गाडी सुरू केली.