कॅमेऱ्यात मी थंड होते

गेल्या महिन्यात एका शनिवारी हेब्बाळच्या एका लॅबमध्ये मी स्वतःला स्क्रीनवर बघितलं… आणि क्षणभर ओळखलंच नाही.

आमच्या येलहंकाच्या बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर अक्षता राहते. ती पीएचडी करते, विषय ब्राऊन फॅट. म्हणजे नुसती साठून न राहता, गारठा लागला की स्वतः जळून अंगाला ऊब देणारी चरबी. सुई न टोचता, नुसत्या उष्णतेच्या कॅमेऱ्याने ही चरबी जागी होताना दिसते का, हे तिला बारीक आणि जाड अशा दोन्ही लोकांत बघायचं होतं.

बारीक म्हणून माझी धाकटी बहीण मुक्ता गेली आणि जाड म्हणून मी. अक्षताने फार संकोचून विचारलं होतं, पण मला सवय आहे. बेळगावात एकाच आईच्या हातचं खाऊन वाढलो दोघी… तरी कुठल्याही समारंभात पानावर बसण्याआधी सल्ले वाढले जातात ते मलाच.

खोली छोटी, एसी कडक, दिवा मंद. आधी मुक्ता बसली, खांदे उघडे, एक हात गार पाण्यात. मी दाराजवळ उभी राहून स्क्रीन बघत होते.

स्क्रीनवर मुक्ता नव्हतीच. चेहऱ्याच्या जागी केशरी डाग आणि चष्म्याच्या जागी दोन काळी भोकं… काचेतून उष्णता दिसत नाही म्हणे. मग हळूहळू तिच्या गळ्याच्या हाडांवर, दोन्ही बाजूंना, काहीतरी पेटायला लागलं.

बाकी सगळं अंग निवत होतं आणि तेवढ्या दोन जागा उजळत होत्या. तिला स्वतःला काहीच जाणवत नव्हतं… ती आपली गुणगुणत बसली होती.

ती उठून बाहेर गेली. मी खुर्चीकडे निघाले आणि सहज स्क्रीनकडे बघितलं… खुर्चीत कोणीतरी बसलेलं होतं. पाठ, मांड्या, सगळं. शेजारच्या भिंतीवर पाच काळी बोटं.

समोर मात्र खुर्ची रिकामी. मुक्ताची ऊब खुर्चीत राहिली होती, आणि उठताना तिने भिंतीला टेकवलेल्या गार हाताचा ठसा. "अक्का, स्वल्प थांबा, ते जाऊ दे," अक्षता सवयीने, तिच्या कानडीमिश्रित मराठीत म्हणाली. ती आकृती विरघळेपर्यंत आम्ही दोघी स्क्रीनकडे बघत उभ्या होतो.

मग मी बसले. स्क्रीन माझ्याकडे पाठ करून होता, त्याचा उजेड अक्षताच्या तोंडावर पडत होता. ती वाट बघत होती… बराच वेळ.

शेवटी मीच म्हटलं, दाखव. डोळ्यांचे कोपरे आणि ओठ तेवढे उजळ, गळ्यापासून खाली सगळं निळं. सुरुवातीलाही निळं, शेवटीही निळं. कोणी राहत नसलेल्या घरासारखं.

पुढचे दिवस विचित्र गेले. भाजी घेताना, लिफ्टमध्ये, हात आपोआप गळ्याकडे जायचा आणि कातडी खरंच गार लागायची. ऑफिसात समोरच्याच्या कॉलरखाली काय पेटलं असेल, असं वाटत राहायचं. सगळे आतून जळतायत आणि मी एकटीच विझलेली…

मुक्ताला सांगितलं नाही, पण मी आरशात बघायचं टाळायला लागले होते. भीती वाटायची.

अशात अक्षताने एमआरआयसाठी बोलावलं, तो तिच्या अभ्यासाचा दुसरा भाग होता. मला जायचं नव्हतं. मुक्ताने काही न विचारता रिक्षा बोलावली आणि माझ्या शेजारी येऊन बसली.

गार पाणी फिरणारं जाकीट घालून मला त्या नळीत सरकवलं. ठकठक सुरू झाली. बाहेरून कोणीतरी दार वाजवतंय आणि आतून ओ द्यायला कोणीच नाही, असं वाटत होतं. मी डोळे घट्ट मिटून पडून राहिले.

काही दिवसांनी अक्षता लॅपटॉप घेऊन खाली आमच्या घरी आली. करड्या रंगाचा, आडवा कापलेला माझा गळा… तिने एका जागी बोट ठेवलं. तिथे ती चरबी होती, आणि थंडी लागल्यावर तिच्यात बदल झाला होता. म्हणजे ती काम करत होती.

मग कॅमेऱ्यात का नाही दिसली, मी विचारलं.

"कॅमेऱ्याला फक्त कातडी दिसते, अक्का. तुमच्या कातडीखाली जाड थर आहे, त्यातून ऊब बाहेरच येत नाही. आत काय चाललंय ते त्याला कळत नाही."

तिने हेही स्पष्ट सांगितलं की मुक्तापेक्षा माझ्यात ही चरबी कमी आहे, आणि ती असल्याने वजन उतरेलच असं नाही. मी मान हलवली. पण नजर त्या खोलवरच्या छोट्याशा डागावरून हलेना… इतके दिवस तो तिथेच होता, आपलं काम करत.

संध्याकाळी आईचा फोन आला; एमआरआयचं तिला मुक्ताने कळवलं होतं. तिचा मला पहिला प्रश्न असतो, काय खाल्लंस. आणि मुक्ताला, खाल्लंस ना? मुक्ताने माझ्या हातातून फोन घेतला.

"आई, मी ताईपेक्षा जास्त खाते. लहानपणापासून. तू फक्त तिचंच ताट बघत आलीस."

मुक्ताने तो परत माझ्या कानाला लावला, आणि आईचा आवाज आला.

"त्या मशीनमध्ये थंडी वाजली का गं तुला?"

"हो," मी म्हटलं.

वजन आहे तेवढंच आहे. पण अक्षता, थँक यू… आत कोणीच नाही असं दिसल्यावरही तू पुन्हा एकदा बघितलंस.