दहा सेकंदांचा नियम

एसेनकुलला जगात सगळ्यात जास्त शिसारी यायची ती स्वागताच्या मेसेजची. सीमेवरची कोर्दाईची चौकी ओलांडून ट्रक जरा वेग घेतोय तोच खिशात फोन थरथरायचा, रोमिंग सुरू झाल्याचा, ‘कझाकस्तानात तुमचे हार्दिक स्वागत!’ कसायाने सुरी काढण्याआधी मेंढराच्या पाठीवरून हात फिरवावा तसं, असं तो म्हणायचा.

सात वर्षांपूर्वी पहिल्याच फेरीत तो कापला गेला होता. आमच्या त्यूपचे बटाटे भरून कझाकस्तानातल्या करागंडाला निघाला, फोन नेहमीसारखा चालूच. इंटरनेट बंद करायचं कुणी सांगितलं नव्हतं, त्यामुळे ते दोन दिवस खिशातल्या खिशात चरत राहिलं. शिवाय घरून फोन येत होते. सीमेपलीकडे आलेला फोन उचलायचेही पैसे पडतात हे त्याला कळलं ते वाटेत बाल्खाशच्या अलीकडे टायर फुटला तेव्हा. मदत मागायला फोन लावावा, तर शिल्लक शून्य. आणि बोलणं तरी काय झालं होतं? तू बरा ना, ट्रक बरा ना, घोडी व्यायली, शेजाऱ्याचीही व्यायली. एका तगड्या मेंढ्याचे पैसे नुसत्या चौकशांत गेले. आमच्याकडे एवढं विचारल्याशिवाय कुणी मुद्द्यावर येतच नाही, आणि वडीलधारा आशीर्वाद देत असताना फोन ठेवायची तर सोयच नाही. एसेनकुलला फोन कंपनीचा तिटकारा आलाच, पण या पाल्हाळाचा त्याहून जास्त आला.

तेव्हापासून तो चौकीच्या रांगेत दिसेल त्या ड्रायव्हरला पढवू लागला. इंटरनेट बंद कर, आपोआप उतरणारे व्हिडिओ बंद कर, सरळ सिमकार्डच काढून टोपीच्या अस्तरात ठेव. घरच्यांसाठीही नियम केला. रोज सकाळी तो घटकाभर कार्ड घालेल, तेव्हा सगळं ठीक असेल तर घरून एक मिस्ड कॉल. बोलायचंच असेल तर दहा सेकंद.

म्हातारे बेकबोलोत, त्याचे वडील, हसले आणि त्यांनी आपला आशीर्वाद ‘जा, नीट ये’ एवढ्यावर आणला. धाकटे काका कासिमाली मात्र दुखावले. गावात मरणाची बातमी सांगायचं काम त्यांचं. ती आमच्यात कुणी तोंडावर फेकत नाही. काका आधी उडून गेलेल्या ससाण्याची गोष्ट काढत, मग आटलेल्या झऱ्याची. ऐकणारा हळूहळू आपणच तिथवर पोचे, आणि पोचला की सगळे मिळून त्याला धरत.

“काका, तुमचा ससाणा सीमेपलीकडे फार महाग पडतो,” एसेनकुल भर जेवणात म्हणाला होता. “दहा सेकंदांत बसत नसेल तर फोन करूच नका.”

पंगत हसली. काका हसले नाहीत.

यंदा बटाटे निघाले तेव्हा बेकबोलोतांनी अंथरूण धरलं होतं. जावं की राहावं, एसेनकुलचा पाय निघेना. पण माल थंडीने सडला असता. शेवटी त्याने कार्ड फोनमध्येच ठेवलं, इंटरनेट बंद केलं आणि बायकोला, सोनुनबूला, बजावलं की बाबांचं जरा जरी बिघडलं तरी लगेच फोन कर, मी असेन तिथून ट्रक वळवतो. त्याला फक्त एवढंच हवं होतं, बाबा डोळे मिटतील तेव्हा त्यांच्या उशाशी असणं.

दोन सकाळी मिस्ड कॉल आला. तिसऱ्या सकाळी आला नाही. सोनुनबू झोपली असेल, विसरली असेल, असं मनाशी म्हणत तो दुपारी करागंडाच्या अलीकडे एका खानावळीत लाघमानच्या शेवया खायला बसला, तेव्हा फोन वाजला आणि वाजतच राहिला. काका होते.

“एसेनकुल, तुझा बाप गेला. पहाटे, झोपेत. माती परवा. ये.”

फोन बंद झाला.

काकांनी सूड उगवला असंच त्याला त्या घडीला वाटलं. खरं काय ते घरी पोचल्यावर सोनुनबूने सांगितलं. काका सकाळपासून समोर घड्याळ ठेवून बसले होते. फोन लावण्याआधी तीनदा ससाण्यापासून सुरुवात करून पाहिली, तिन्ही वेळा गोष्ट दहा सेकंदांत बसेना. चौथ्या वेळी रडत रडत त्यांनी ससाणा काढून टाकला.

पण तेव्हा त्या खानावळीत त्याला धरायला कुणी नव्हतं. बाई चहा हवा का विचारून गेली. त्याने शेवयांचं ताट बाजूला सारलं. तेवढ्यात फोन पुन्हा थरथरला. कंपनीचा मेसेज होता, संभाषण नऊ सेकंद, आकारणी एक मिनिट.

त्याने तो दोनदा वाचला. या वेळी शिसारी आली ती स्वतःची. न बोललेल्या एक्कावन्न सेकंदांचे पैसे भरून झाले होते, आणि काकांचा ससाणा अजून उडालाही नव्हता.