किल्लीला पितळेची मूठ

मुलाखत दुपारी दोन वाजता नागपूरला होती. एका संशोधन संस्थेत पदार्थविज्ञानात पीएच.डी. करण्यासाठीची ती जागा होती, आणि जागा एकच होती. सकाळी सहाला अहेरीहून निघायचे, बारापर्यंत पोचायचे, तासभर टिपणे चाळायची आणि शांतपणे आत जायचे, असे मी ठरवले होते. पहाटेची एस.टी. सोडून घरच्या गाडीने जाण्याचा आग्रह मात्र बाबांचा होता.

बाबा वनखात्याच्या लाकूड डेपोतून त्याच वर्षी निवृत्त झाले होते. बदली होऊन जाणाऱ्या एका साहेबांची गाडी त्यांनी विकत घेतली होती. साहेबांनी दुसरी किल्ली सापडत नाही असे सांगितले होते, त्यामुळे गाडीबरोबर एकच किल्ली आली. तिची काळी प्लॅस्टिकची मूठ पुढे तडकली आणि पाते डुगडुगू लागले. मोडलेली वस्तू बाबा टाकत नसत आणि तिच्या जागी नवीही आणत नसत, ती दुरुस्त करत. मुलाखतीच्या आदल्या आठवड्यात ते बसने आलापल्लीच्या पलीकडच्या एका गावी गेले. तिथे एक म्हातारा कारागीर मेणाचा आकार घडवून त्यावर माती लिंपतो आणि पितळेचे दिवे व घंटा ओततो. जुने प्लॅस्टिक बाबांनी घरीच चाकूने फोडून काढले होते. नुसते पाते त्यांनी कारागिराला दिले आणि त्याला पितळेची मूठ ओतून मागितली.

ती किल्ली मुलाखतीच्या आदल्या संध्याकाळी तयार होऊन आली. मुठीवर तारेच्या वेटोळ्यांची नक्षी होती आणि दोरी ओवायला भोक होते.

आई म्हणाली, "हे चाबी हाये का तराजूचं वजन? खिशात टाकलं त पँट खाली येईन तुमची."

"येऊ दे. पन सात पिढ्या मोडनार नाई आता," बाबा म्हणाले.

त्यांनी गाडीचे दार उघडून पाहिले. ते उघडले. गाडी धुऊन पुसून अंगणात उभी होती, म्हणून ती चालू करून पाहण्याची गरज कुणाला वाटली नाही. मी किल्ली तळहातावर तोलली आणि म्हटले, "मस्त झाली, बाबा." माझे ते मत ओतकामाबद्दल होते.

सकाळी इंजिन पहिल्याच फटक्यात चालू झाले आणि दोन सेकंदांत बंद पडले. पुन्हा तसेच झाले. पाचव्या खेपेपर्यंत माझ्या लक्षात आले की ते दरवेळी तेवढ्याच अवधीत बंद पडते. बिघाड इतका नेमका नसतो. समोरच्या फलकावर किल्लीच्या चित्राचा एक पिवळा दिवा होता. एरवी तो क्षणभर लागून विझत असे, आज भराभर लुकलुकत होता. तो मी पाहिला. दिव्यावर किल्लीचे चित्र होते आणि आदल्या संध्याकाळी किल्ली बदलली होती. या दोन गोष्टी शेजारी ठेवायला एम.एस्सी. लागत नाही.

तेवढ्यात कोपऱ्यावरचा मेकॅनिक आला. बॉनेट उघडून त्याने निदान केले, "पेट्रोलमदी कचरा हाये." मग फिल्टर निघाला, प्लग निघाले. डेपोतले बाबांचे जुने सोबती जमले. धक्का मारून झाला. गाडी अंगणातून रस्त्यापर्यंत गेली, हुंकारली आणि थांबली.

"साहेबाची गाडी होय ना भाऊ," एक जण म्हणाला, "साहेबावानीच वागून राह्यली. हो म्हनते अन् बसून जाते."

सगळे हसले. मी दिव्याबद्दल बोलले नाही. सहा पुरुष इंजिनात डोकी घालून ठामपणे बोलत होते. मी किल्लीच्या चित्राकडे बोट दाखवले असते आणि ते चुकीचे निघाले असते, तर पुढची कित्येक वर्षे तो किस्सा चौकात चघळला गेला असता. मला त्या दिवशी कुणासमोरही चुकायचे नव्हते. जीप ठरवू या असे आई दोनदा म्हणाली. पण दरवेळी कुणीतरी आता होईलच असे सांगत होते, आणि साडेआठ वाजले.

नऊच्या बसने मी चंद्रपूरला गेले आणि तिथून दुसरी बस धरली. मधल्या वेळात मी संस्थेत फोन केला. समितीतले एक सदस्य चारच्या गाडीने परत जाणार आहेत, असे उत्तर मिळाले. मी नागपूरला पोचले तेव्हा पाच वाजून गेले होते. शिपाई खुर्च्या एकावर एक रचत होता. लिपिकाने मला सौजन्याने बसवले, पाणी दिले आणि यादीत माझ्या नावापुढे लिहिलेला 'गैरहजर' हा शब्द दाखवला. अक्षर सुवाच्य होते. मला रडू आले नाही, याची मी नोंद घेतली. परतीच्या बसमध्येही आले नाही. घरी आई रोज ताट वाढायची आणि मी जेवायचे. एकदा भाजीत मीठच नव्हते, हे मला बाबांच्या बोलण्यावरून कळले.

गाडी अंगणात तशीच उभी राहिली. दहा दिवसांनी चंद्रपूरहून एक तंत्रज्ञ आला. त्याच्या खांद्यावर लॅपटॉपची पिशवी होती. किल्ली हातात घेताच तो हसला, मग बाबांचा चेहरा पाहून थांबला.

"काका, जुनी मूठ कुठी हाये? प्लॅस्टिकची?"

"तिचं काय काम?"

"चाबी तिच्यातच होती. हे नुसतं पातं होय. पात्यानं कुलूप फिरते, गाडी चालत नाई."

मग त्याने समजावून सांगितले. प्लॅस्टिकच्या मुठीत एक इवलीशी चिप असते. तिला बॅटरी नसते. कुलपाभोवती तारेचे एक वेटोळे बसवलेले असते. किल्ली फिरवली की त्यातून वीज वाहते आणि तेवढ्या अंतरावरून चिपमधल्या वेटोळ्यातही वीज निर्माण होते. त्या क्षणभराच्या विजेवर चिप आपला क्रमांक सांगते. गाडीतला संगणक तो ओळखतो. उत्तर आले नाही किंवा चुकीचे आले, तर तो दोन सेकंदांत इंधन तोडतो. त्यात मला नवे काहीच नव्हते. ट्रान्सफॉर्मर ज्या तत्त्वावर चालतो तेच हे तत्त्व, आणि परीक्षेत त्यावरचा प्रश्न मी पूर्ण गुणांनी सोडवला होता. ते माझ्या घरच्या किल्लीत काम करत असेल, हे मात्र मला कधी सुचले नव्हते.

बाबांना ते माझ्याहून लवकर समजले. "म्हंजे हातोड्याचा ठसा," ते म्हणाले. "लाकूड खरं हाये, पन त्याच्यावर डेपोचा ठसा नाई. नाक्यावर अडवनारच."

"बरोब्बर, काका. फेकली का ती मूठ?"

"मी काई फेकत नाई."

बाबा आत गेले आणि तंबाखूची जुनी डबी घेऊन आले. डबीत प्लॅस्टिकचे दोन तुकडे होते आणि तांदळाच्या दाण्याएवढी एक काचेची नळी होती. तंत्रज्ञाने चिपची ती नळी चिकटपट्टीने कुलपाच्या कडेला लावली आणि पितळेची किल्ली फिरवली. पिवळा दिवा विझला. इंजिन चालू झाले आणि चालूच राहिले. आम्ही तिघे अंगणात उभे राहून ते ऐकत होतो.

"मॅडम, त्या दिवशी हा दिवा लुकलुकत होता का?" त्याने मला विचारले. "तो पाहून कोनी सांगतलं असतं त पाच मिनटाचं काम होतं."

"लक्ष नव्हतं," मी म्हटले.

निरीक्षणाबाबत मी आयुष्यात बोललेले ते पहिले खोटे होते. आवाज अगदी नेहमीसारखा निघाला.

चिप पितळेत बसवता येणार नाही, कारण धातू तिचा संवाद अडवतो, असे त्याने सांगितले. कागदपत्रांच्या प्रती घेऊन तो गेला. त्या दाखवल्याशिवाय गाडीचा गुप्त आकडा मिळत नसे. आठवड्याने तो नव्या चिपा बसवलेल्या दोन किल्ल्या कापून घेऊन आला. स्टिअरिंगखाली त्याने लॅपटॉपची तार जोडली, आकडा भरला आणि दोन्ही किल्ल्या एकामागून एक फिरवून संगणकाला त्यांची ओळख करून दिली. डबीतल्या चिपची ओळख पुसू का, असे त्याने विचारले. बाबा म्हणाले, "पुसून टाक."

त्या संध्याकाळी बाबांनी मला विचारले, "म्हंजे माह्यामुळंच गेलं ना, बाई? तुह्यं नागपूर?"

"हो," मी म्हटले.

ते उत्तर अर्धे होते. उरलेले अर्धे सांगायला एक वाक्य पुरले असते. बाबांनी मान हलवली आणि म्हणाले, "बरं केलं सांगतलं."

निवडीची यादी लागली. पुढच्या वर्षीची जाहिरात येईपर्यंत मी अहेरीतल्याच कनिष्ठ महाविद्यालयात तासिका घेऊ लागले. बाबांनी मात्र झालेली गोष्ट लपवली नाही. आठवडी बाजारात, डेपोच्या फाटकाशी, जो भेटेल त्याला ते ती सांगत, आणि रंगवून सांगत. म्हाताऱ्याने मेण कसे वळले, माती कशी लिंपली, मूठ कशी चकाकत होती, सगळे. शेवट ठरलेला असे, "अन् असी म्या माह्या पोरीची जागा पितळात ओतली." लोक हसत. बाबाही हसत, सगळ्यांत शेवटपर्यंत.

एका बाजारात भाजीवाल्या बाईने तराजू धरल्या धरल्या विचारले, "काऊन भाऊ, एवढे जन होते तिथी, कोनाच्याच ध्यानात नाई आलं?"

"कोनाच्या येईन, बाई?" बाबा म्हणाले. "माही पोरगी एवढी शिकलेली. तिले दिसलं असतं त ते बोलली नसती का?"

बाईने माझ्याकडे पाहिले. मी खाली बसून वांगी निवडत होते. किडकी बाजूला काढत होते, चांगली टोपलीत टाकत होते. मी निवडत राहिले.